हात मागे, मूठ उघडी

सकाळी ६.१०
तळघरातला दिवा हालचाल झाली की आपोआप लागतो आणि थोड्या वेळाने विझतो. त्यामुळे बाई मधूनमधून हात हलवत काम करतात. एस्पो शहरातली ही जुनी इमारत. फिनलंडमधल्या कितीतरी इमारतींप्रमाणे इथेही प्रत्येक घराला तळघरात जाळीची एक कोठडी मिळते. लोक तिथे स्की ठेवतात, सायकलीची जादा चाकं, रिकाम्या बरण्या. बाई नॉर्डिक वॉकिंग, म्हणजे काठ्या घेऊन चालणं, शिकवतात. त्यांच्या कोठडीत काठ्या आहेत. बावीस जोड्या. १०० सेंटिमीटरपासून १३० पर्यंत, पाच-पाचच्या फरकाने. मुठीखाली रंगीत चिकटपट्टी. १०५ ला पिवळी, ११० ला लाल, ११५ ला निळी.

आज चौदा जोड्या लागतील. बाई एकेक काठी उचलतात, उलटी करतात, टोक बघतात. टोकाला कठीण धातूची बोथट सुई असते. माती, पानं, बर्फ यांत ती रुतते. डांबरी रस्त्यावर ती घसरते आणि कर्कश वाजते, म्हणून तिच्यावर रबरी बूट चढवायचा. त्याचं नाक मागच्या बाजूला वळलेलं हवं. उलटा बसवला तर दर पावलाला अडखळतो. दोन बूट झिजलेले निघाले. नवीन जोडीला दहा युरोंच्या आसपास पडतात, आणि त्यात साडेपंचवीस टक्के विक्रीकर आला.

बाईंचं वय अठ्ठावन्न. नाव छापू नको म्हणाल्या. या देशात शिक्षकालाही नुसत्या नावाने हाक मारतात. पण माझी आई त्यांना पहिल्या भेटीपासून बाईच म्हणते, म्हणून मीही.

सकाळी ६.५०
ओट्सची लापशी, वर आंबट लाल लिंगोनबेरी. राईच्या काळ्या पावाचे दोन तुकडे. दुपारचा डबा कालच भरून ठेवलाय, भट्टीत भाजलेली मॅकरोनी आणि खिमा. थर्मासमध्ये कॉफी. बाहेर कॉफी घ्यायची तर तीन-साडेतीन युरो जातात. "रोज दोनदा घेतली तर महिन्याचं पेट्रोल झालं," बाई म्हणतात. फोनवर एक निरोप. संध्याकाळच्या गटातल्या दोघी येणार नाहीत. बाई वहीत दोन नावांवर रेघ मारतात.

सकाळी ८.१५
ऑक्टोबरचा पहिला आठवडा. साडेसातच्या सुमारास उजाडलं, पण आभाळ इतकं खाली आलंय की गाड्यांचे दिवे अजून चालूच. चार अंश. पाऊस म्हणावा तर नाही, नाही म्हणावं तर कपडे ओले. रिंग रोडवर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतायत. हा वेळ कुणाच्या हिशेबात नाही. बाईंना शिकवल्या तासाचे पैसे मिळतात, पोचायच्या तासाचे नाहीत.

सकाळी ९.००
पालोहैना, हेलसिंकीचं उत्तर टोक. शहराच्या मध्यातून निघणारं 'मध्यवर्ती उद्यान' इथपर्यंत येतं. उद्यान फक्त नावाला. प्रत्यक्षात तो दहा किलोमीटर लांबीचा जंगलाचा पट्टा आहे. स्प्रूसची उंच, काळपट झाडं, मधून खडीचे रुंद रस्ते. बर्फ पडला की हेच रस्ते स्कीवाल्यांचे होतात आणि पायी चालणाऱ्याला त्यावर मनाई असते. म्हणजे बाईंना पहिल्या मोठ्या बर्फाआधी जेवढे वर्ग घेता येतील तेवढे घ्यायचेत.

पहिला गट पेन्शनरांचा. बारा जण. एका प्रौढ शिक्षण संस्थेचा हा अभ्यासक्रम आहे. इथे तास ४५ मिनिटांचा धरतात. सलग दोन तास, तासाला ३३ युरो, कर कापण्याआधी. सगळ्यांच्या काठ्या स्वतःच्या. काहींच्या वीस वर्षं जुन्या.

"हेच अवघड," बाई हळूच म्हणतात. "नव्या माणसाला नुसतं शिकवायचं. यांचं आधी पुसायचं, मग शिकवायचं."

पाच मिनिटं त्या काहीच बोलत नाहीत. पुढे चालतात, गटाकडे पाठ करून, आणि ऐकतात. काठी नीट टेकली तर एकच छोटा आवाज येतो. टोक फरफटत आलं तर खर्र होतं. पुढे उभी रोवली तर 'टक' होतं आणि पावलाची लय क्षणभर तुटते. बाई मागे न बघता हात वर करतात. "डावीकडून तिसरं कोण आहे? काठी फार पुढे टाकताय."

डावीकडून तिसरे आजोबा. ८१ वर्षांचे. गुन्हा कबूल.

मग शिकवणी सुरू. हात खांद्यापासून हलला पाहिजे, कोपरापासून नाही. पुढे येतो तो बेंबीच्या उंचीपर्यंत, त्याहून वर नाही. काठी कधीच उभी नसते. ती तिरकी, टोक मागे कललेलं, आणि ते टेकतं पुढच्या टाचेच्या मागे, दोन पावलांच्या मधल्या जागेत. तिथून ढकलायचं. हात मांडीवरून मागे जातो, कंबर ओलांडतो, आणि तिथे मूठ उघडते. काठी पडत नाही, कारण मनगटाला पट्टा आहे. अर्ध्या हातमोज्यासारखा हा पट्टा अंगठ्याच्या खोबणीतून येऊन वेलक्रोने बंद होतो. सगळा जोर त्या पट्ट्यावर. बोटं फक्त काठीला वाट दाखवतात.

ऐकायला सोपं. बारापैकी आठ जणांची मूठ उघडत नाही. पांढरी पडलेली बोटं दिसतात. एका आजींची कोपरं बरगड्यांना चिकटलेली, हात जागचा हलत नाही, काठ्या मात्र दोन्हीकडे टकटकतायत. दुसऱ्या एक आहेत, त्या काठ्या टेकवतच नाहीत. दोन्ही हातांत आडव्या धरून मस्त चालतायत. बाई त्यांना काही म्हणत नाहीत. "त्या गप्पा मारायला येतात. चालतायत ना, पुरे."

ओली पानं टोकाला ओवली जातात. दर थोड्या वेळाने कुणीतरी थांबून काठी उलटी करतं आणि बर्चची पिवळी पानं बोटांनी ओढून काढतं. एक आजी वाट सोडून शेवाळात वाकल्या. तपकिरी, नरसाळ्यासारख्या अळिंब्या मिळाल्या. या देशात जंगल कुणाचंही असो, अळिंबी आणि बेरी कुणालाही खुडता येतात. आजींनी टोपी काढून त्यात भरल्या. वर्ग चार मिनिटं थांबला. बाईंनी घड्याळ बघितलं, बोलल्या नाहीत.

सकाळी १०.४०
ताण देण्याचे व्यायाम काठ्यांच्याच आधाराने. मग बाकावर थर्मास. कुणीतरी दालचिनीचे पाव आणलेत.

एक आजी मला मुद्दाम इतिहास सांगतात. परदेशी माणसाला हे माहीत असलंच पाहिजे असा त्यांचा आग्रह. स्कीचे खेळाडू उन्हाळ्यात बर्फ नसताना काठ्या घेऊन टेकड्या चढत, ते फार जुनं. लेना यॅस्केलाइनेन या हेलसिंकीच्या व्यायामशिक्षिकेने १९६६ साली शाळेतल्या मुलींना काठ्या घेऊन चालायला लावलं. माउरी रेपो या प्रशिक्षकाने १९७९ च्या पुस्तकात स्कीच्या सरावाचा भाग म्हणून त्याची पद्धत लिहिली. आणि १९९७ मध्ये एक्सेल या फिनिश कंपनीने चालण्यासाठी म्हणून खास काठी बाजारात आणली. 'नॉर्डिक वॉकिंग' हे नाव जगभर गेलं ते त्यानंतर. बाई त्या वर्षी खेळाच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर होत्या. "लोक हसायचे," त्या म्हणतात. "स्की घरी विसरलात का, विचारायचे. हसत हसत घेऊनही जायचे."

८१ चे आजोबा गुडघ्याचं विचारतात. काठ्यांनी गुडघ्यावरचा भार कमी होतो ना? बाई सरळ उत्तर देतात. जुन्या जाहिरातींत तसं छापलेलं असायचं. डेन्मार्कमध्ये मोजून बघितलं, २००८ साली निष्कर्ष छापला, आणि सपाटीवर गुडघ्यावरचा भार कमी झालेला दिसला नाही. तोल सांभाळायला मदत होते, खांदे आणि पाठ कामाला लागतात, दमही जास्त लागतो. "गुडघ्यासाठी डॉक्टरकडे जा. माझ्याकडे खांद्यासाठी या."

गिऱ्हाईक तोडणारं उत्तर आहे. पण हे बारा जण दर शरद ऋतूत परत येतात.

दुपारी १२.००
लेप्पावारा. एस्पोचा हा भाग आपल्या लोकांना चांगला ठाऊक आहे. संगणक कंपन्यांत आलेली बरीच मराठी, तेलुगू, तमिळ कुटुंबं इथेच राहतात. बाई गाडी लावून काचेमागे निळी पार्किंगची चकती ठेवतात. पोचल्याची वेळ फिरवून दाखवायची. विसरलात तर दंड, आणि तो एका वर्गाची कमाई खाऊन जातो.

हा गट नवशिक्यांचा. बाहेरून आलेल्या लोकांसाठी पालिकेच्या पैशाने चालतो. शिकणाऱ्याला फुकट, बाईंना एका वर्गाचे ७० युरो. नऊ जण आलेत. युक्रेनच्या तिघी, एक सोमाली ताई, हैदराबादचे एक आजोबा, दोन व्हिएतनामी बहिणी, इराणचे एक गृहस्थ. आणि माझी आई. वय ६६, राहणार सातारा, तीन महिन्यांच्या व्हिसावर. पंजाबी ड्रेस, त्यावर नातवाचं जॅकेट, कानटोपी.

बाई डिकी उघडतात. उंची विचारतात, फोनवर ०.६८ ने गुणतात. आईची उंची १५३, म्हणजे १०४. नवशिक्याला खालचा आकडा द्यायचा, म्हणून १०० ची जोडी. सोमाली ताई १७२. म्हणजे ११७, हातात निळी ११५. मग पट्टे. डावा वेगळा, उजवा वेगळा. नऊ जणांचे अठरा हात. सहा पट्टे उलटे निघतात. बाई एकेकाच्या समोर वाकून वेलक्रो काढतात, लावतात, अंगठा ओढून खोबणीत बसवतात. थंडीत बोटं आखडलेली. यातच वीस मिनिटं जातात. बाईंच्या कामाचा किती भाग चालणं आणि किती भाग वेलक्रो, याचा हिशेब कुणीतरी करायला हवा.

"आई, काठीवर भार देऊ नकोस."

"मग दिलीय कशाला?"

प्रश्न रास्त आहे. साताऱ्यात काठी हातात आली की माणूस तिच्यावर रेलतो. बाईंनी भाषांतर मागितलं, मी केलं, त्या मोठ्याने हसल्या. मग म्हणाल्या, "छान. आता सगळ्यांनी काठ्या विसरा."

हाच त्यांचा पहिला धडा. मूठ पूर्ण सोडायची. काठ्या पट्ट्याला लोंबकळत मागे फरफटू द्यायच्या. चालायचं आणि बोलायचं, भाषा कुठलीही. नऊ माणसं पाच भाषांत बडबडत, अठरा काठ्या खरडत निघाली. कुत्रं फिरवणारा एक माणूस थांबून बघत राहिला. पण गंमत अशी की बोलताना हात आपोआप बरोबर हलतात, उजव्या पायाबरोबर डावा. विचार करायला लागलं की बिघडतं. युक्रेनच्या एका बाईंचं बिघडलंच. उजवा हात, उजवा पाय एकदम पुढे. थांबल्या, पुन्हा निघाल्या, पुन्हा तेच. बाईंनी त्यांना घरच्या कुत्र्याबद्दल विचारलं. त्या सांगायला लागल्या आणि पन्नासेक पावलांत हात जागेवर आले.

पुढचा धडा टोक अडकल्याचं ओळखायचा. फरफटणारी काठी मध्येच जमिनीला धरते. तो झटका मनगटाला जाणवला की तिथूनच मागे रेटायचं. बाई मागून येतात, काठीचं टोक स्वतःच्या हातात धरतात आणि म्हणतात, "माझा हात ढकल." आईने ढकललं, पण मूठ आवळूनच.

"सोडा," बाई म्हणाल्या. एवढा मराठी शब्द त्यांना एव्हाना येतो.

आई थांबली. हातांकडे बघितलं. मग मला म्हणाली, "अगं, हे ताक घुसळल्यासारखं आहे. रवीची दोरी. ओढतो तो हात घट्ट, दुसरा सैल. दोन्ही घट्ट धरले तर रवी फिरायचीच नाही."

मी भाषांतर केलं. रवी काय हे सांगायला हवेत खांब, डेरा आणि दोरी काढावी लागली. बाईंनी आईला पुन्हा करून दाखवायला लावलं, काठ्यांशिवाय, नुसत्या हातांनी. उजवा मागे, बोटं मिटलेली, डावा पुढे जाताना बोटं सुटलेली. बाई बराच वेळ बघत राहिल्या. "मनगट बरोबर आहे," म्हणाल्या. "फक्त उलटं कर. मागे गेला की सोड."

आणि जमलं. हात कंबरेच्या मागे गेला, बोटं उघडली, काठी पट्ट्यावर टांगली राहिली, हात पुढे येताना बोटं पुन्हा अलगद काठीच्या मुठीवर बसली. खांदे थोडे फिरायला लागले. पाऊल लांब पडायला लागलं, टाचेवरून अंगठ्यापर्यंत नीट लोळत. असं एका वळणापर्यंत चाललं. मग जॅकेटच्या खिशात फोन वाजला. साताऱ्याहून वहिनीचा. आईने दोन्ही काठ्या काखेत मारल्या आणि उभ्या उभ्या गॅस सिलिंडरचं बोलायला लागली.

दुपारी १.५५
गाडीत डबा. मॅकरोनी गार. शेजारच्या उपाहारगृहात दुपारचं जेवण बारा-तेरा युरोंना मिळतं. बाई तिकडे बघतही नाहीत. सीट मागे टाकून दहा मिनिटं डोळे मिटतात. मोजून दहा.

दुपारी ३.००
घरी, लॅपटॉप. पालिकेला बिल. संस्थेच्या संकेतस्थळावर हजेरी. पेट्रोलची पावती चिकटवून ठेवायची. फिनलंडमध्ये स्वतःचा व्यवसाय असेल आणि कमाई ठराविक रकमेच्या वर असेल तर पेन्शनचा विमा स्वतःच भरावा लागतो. ती नोटीसही टेबलावर आहे, कॉफीच्या कपाखाली. सव्वा तास गेला. याचेही पैसे नाहीत.

संध्याकाळी ५.३०
दिवसातला तिसरा गट, पूर्णपणे बाईंचा स्वतःचा. माणशी ८ युरो, काठ्या हव्या असतील तर वर २. अकरा जण आले, चौघांनी काठ्या घेतल्या. ९६ युरो. पाऊस जोरात असता तर पाचच आले असते, आणि तरी यावं लागलंच असतं.

हे कामावरून सुटलेले लोक. तिशी-चाळिशीचे, खुर्चीत बसून आखडलेल्या मानांचे. यांना घाम हवा असतो. बाई रबरी बूट काढायला लावतात, कारण आता भुशाची वाट. धावायला, चालायला लाकडाचा भुसा घातलेली ही वाट पायाला मऊ लागते आणि दिव्याच्या खांबांनी उजळलेली असते. एकाला आकडे हवेत. बाई सांगतात. अमेरिकेत डॅलसच्या कूपर इन्स्टिट्यूटने मैदानावर मोजलं होतं, २००२ साली छापलं. तेवढ्याच वेगाने काठ्यांसह चाललं तर शरीराला सरासरी २० टक्के जास्त ऑक्सिजन लागतो. "पण तो काठी ढकलणाऱ्याला. काठी मिरवणाऱ्याला नाही."

चढ आला. अंग पुढे कलतं, पाऊल आखूड होतं, ढकल जोरात. उतारावर गुडघे सैल, पावलं छोटी. ओल्या कातळावर टोक घसरतं, तिथे काठ्या उचलून घ्यायच्या. साडेसहाच्या पुढे सूर्य मावळला. सगळ्यांच्या जॅकेटला लोंबणाऱ्या परावर्तक चकत्या दिव्यात चमकायला लागल्या. इथे अंधारात चालणाऱ्याने अशी चकती लावावी असा कायदाच आहे. बाई पुन्हा सर्वांत पुढे, पाठ करून, कान मागे.

रात्री ८.००
तळघर. चौदा जोड्या परत आल्या का, मोजायच्या. टोकातली पानं काढायची. पट्टे घामाने ओले असतात. सुटणारे आहेत ते सोडून सिंकमध्ये साबणाच्या पाण्यात, सुटत नाहीत ते पुसून दोरीवर. एका काठीला मधोमध बारीक चीर दिसली. कार्बनची काठी वाकत नाही, एकदम मोडते. ती जोडी बाद. कोठडीत आता एकवीस.

वहीत आजचा आकडा, २३२ युरो. त्यातून कर, विमा, पेट्रोल, रबर आणि ती जोडी. उद्या सकाळी बाई दुकानात जाणार, आठवड्यातून दोन दिवस अजूनही काउंटरवर असतात. तिथले पैसे कमी, पण पाऊस पडला तरी मिळतात.

रात्री ८.४५
मला त्यांचा निरोप. आईला साताऱ्याला न्यायला काठ्या हव्यात. एकसंध काठी बॅगेत मावत नाही आणि विमानात हातात घेऊ देत नाहीत. तेव्हा दोन भागांत सरकणारी घ्या, ती वजनाला जड असते आणि कधीकधी झटक्याने आत सरकते, पण बॅगेत बसते. रबरी बुटांच्या तीन जोड्या सोबत द्या, तुमच्याकडे सगळा डांबरी रस्ता.

पुण्या-साताऱ्यात कुणी काठ्या मागवायच्या विचारात असेल तर एवढं करा. आधी उंची मोजा, ०.६८ ने गुणा, नवीन असाल तर खालचा आकडा घ्या. आणि पट्टा बघा. हातमोज्यासारखा मनगटाला धरणारा असेल तरच घ्या. नुसता दोरीचा फास असेल तर ती ट्रेकिंगची काठी आहे. हात मागे नेऊन मूठ उघडली की ती जागची हलेल, आणि तुम्ही परत मूठ आवळायला लागाल.